घरी राहून गृहसजावट शिकताना

इंटिरियरचे काम शिकायचे आहे, पण पूर्ण वेळ महाविद्यालयात जाणे शक्य नाही, तर ते घरी राहून जमेल का, असे मला अधूनमधून विचारले जाते. विचारणाऱ्यांत मुले शाळेत जाऊ लागल्यावर थोडी उसंत मिळालेल्या गृहिणी असतात, नाशिकच्या अंबड-सातपूरमधील कारखान्यांतील पाळ्यांना कंटाळलेले तरुण असतात, आणि निवृत्तीनंतर काहीतरी आवडीचे करावे म्हणणारे एखादे काकाही असतात. मी स्वतः हे काम इंदिरानगरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर कागद पसरून शिकले, त्यामुळे ‘जमेल’ असे म्हणण्याचा मला थोडाफार अधिकार आहे. पण ते उत्तर अर्धेच आहे. घरी राहून जे उत्तम शिकता येते तिकडे बहुतेक जण वळत नाहीत, आणि जे घरी बसून अजिबात शिकता येत नाही त्यासाठी मात्र रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर व्हिडिओ पाहत बसतात.

बहुतेकांची सुरुवात रंगांपासून होते. रंगचक्र, पूरक रंग, उष्ण आणि शीत रंग हे सारे वाचायला सोपे आणि पाहायला सुंदर असते, त्यामुळे पत्रद्वारा अभ्यासक्रमांच्या पहिल्या पुस्तिकाही अनेकदा त्यावरच असतात. माझ्या मते रंग पुष्कळ नंतर शिकावा. आधी टेप. पाच मीटरचा पोलादी टेप, चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि स्वतःचे राहते घर एवढ्या सामग्रीवर शिक्षण सुरू होते, आणि पहिले काही आठवडे याहून अधिक कशाचीही गरज पडत नाही.

स्वतःच्या घराचा मापशीर आराखडा काढणे हा पहिला धडा समजावा. ऐकायला तो पोरकट वाटतो. करायला घेतला की एका दिवाणखान्यातच दुपार निघून जाते. भिंतीची एकूण लांबी आधी एकदा मोजायची आणि मग तीच भिंत तुकड्यातुकड्यांनी मोजायची: कोपऱ्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत, चौकटीची रुंदी, चौकटीपासून खांबापर्यंत, खांब भिंतीच्या किती पुढे आला आहे ते, आणि तिथून खिडकीपर्यंत. तुकड्यांची बेरीज आणि एकूण माप यांत अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक हमखास निघतो, आणि तो कुठून आला हे शोधण्यात टेप सरळ कसा धरावा, गिलाव्याचा फुगवटा कुठे आहे आणि कोपरा खरोखर काटकोनात आहे का, या तिन्ही गोष्टी कळतात. त्यानंतर उंचीची मापे घ्यायची. खिडकीची कड जमिनीपासून किती वर आहे, बीम छताखाली किती उतरला आहे, स्विचबोर्ड, प्लगपॉइंट, नळाचे तोंड, गॅसची नळी नेमकी कुठे आहे, हे सारे त्याच कागदावर यायला हवे, कारण पुढे फर्निचर अडते ते याच ठिकाणी.

खोलीचे दोन्ही कर्णही मोजावेत. खोली खरी आयताकृती असेल तर ते सारखे येतात. आपल्याकडच्या सदनिकांत ते क्वचितच सारखे येतात. कोपरा तपासण्याची सोपी रीत अशी की एका भिंतीवर कोपऱ्यापासून तीन फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर खूण करायची आणि दोन खुणांमधले अंतर मोजायचे. ते बरोबर पाच फूट आले तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे, नाहीतर नाही. एकदा हे स्वतःच्या घरात पाहिले की दोन भिंतींमधले कपाट मिस्त्री कधीही घट्ट मापाचे का करत नाहीत, आणि बाजूला थोडी फट ठेवून ती पट्टीने का झाकतात, हे कोणी न सांगता समजते. जाता जाता आणखी एक हिशेब करून पाहावा. १ मे २०१७ पासून लागू झालेल्या रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरली जाते, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरली जात नाही. आपल्या आराखड्यावरून हा आकडा काढून करारनाम्यातल्या आकड्याशी ताडून पाहावा. चौरस मीटरचे चौरस फूट करण्यासाठी १०.७६४ ने गुणायचे असते.

आराखडा पाव इंचाला एक फूट या प्रमाणात कागदावर उतरवला की जुन्या पुठ्ठ्यातून त्याच प्रमाणात पलंग, सोफा, कपाट, टेबल कापून घ्यावे आणि ते कागदावर सरकवत बसावे. या खेळात जे कळते ते कोणत्याही पुस्तिकेत इतके स्पष्ट होत नाही. एक उदाहरण देते. दहा फूट रुंदीच्या शयनगृहात एका भिंतीला दोन फूट खोल कपाट आहे आणि समोरच्या भिंतीला उशाशी टेकवून साडेसहा फूट लांबीचा पलंग ठेवला आहे. मधे उरतो दीड फूट. कपाटाचे दार दीड फुटाचे असेल तर ते कसेबसे उघडते, पण ते उघडणाऱ्या माणसाला उभे राहायला जागा नाही. यावर सरकती दारे, पलंग फिरवणे किंवा कपाट दुसऱ्या भिंतीला नेणे असे तीनच मार्ग आहेत आणि तिन्हींची किंमत वेगळी आहे. सजावटीच्या कामात निम्मा वेळ अशाच दीड फुटांच्या विवंचनेत जातो.

मापाच्या पाठोपाठ माणसाचे शरीर येते. खुर्चीची बैठक साधारण सतरा-अठरा इंचांवर, जेवणाचे टेबल तीस इंचांवर, कपाटाची खोली चोवीस इंच, ओट्याची उंची बत्तीस ते चौतीस इंच, हे आकडे सगळीकडे सापडतात आणि पाठही होतात. पण ते तसेच का आहेत हे घरातल्या माणसांवर टेप लावून पाहावे. ओट्याचे माप ठरते ते उभे राहणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापासून साधारण चार-पाच इंच खाली. त्यात आपल्याकडे पोळ्या लाटायच्या असतात, म्हणजे पोळपाटाची उंची आणखी वर चढते आणि लाटण्यावर वरून जोर द्यायचा असतो. शेगडी ओट्यावर ठेवली की तिच्यावरच्या पातेल्याचा काठ त्याहूनही वर जातो. माझ्या सासूबाईंची उंची पाच फुटांच्या आत आहे, आणि चौतीस इंची ओट्यावर उभे राहून त्या लाटत असल्या की खांदे वर उचललेले स्पष्ट दिसतात. अशा घरात ओट्याचा एक भाग दोन-तीन इंच खाली घेतला तर तो कुठल्याही महागड्या दगडापेक्षा जास्त उपयोगी पडतो. हे आपल्या घरात नजरेस पडले तरच दुसऱ्याच्या घरात विचारायचे सुचते.

साठवणुकीबाबतही तेच. मॉड्युलर किचनच्या कॅटलॉगमध्ये पाकिटे आणि काचेच्या बरण्या नीटनेटक्या मांडलेल्या असतात. प्रत्यक्षात नाशिकच्या अनेक घरांत अजूनही वर्षाचे गहू एकदम भरले जातात, उन्हाळ्यात केलेल्या कुरडया-पापडांचे पत्र्याचे डबे असतात, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या असतात, गौरींचे मुखवटे आणि त्यांच्या कोठ्या असतात, गणपतीचे मखर असते, पाट आणि चौरंग असतात, आणि पाहुण्यांच्या गाद्या तर असतातच. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या बंगल्यात ही यादी दुप्पट होते. आपल्या घरातल्या अशा प्रत्येक वस्तूचे लांबी-रुंदी-उंचीसह टिपण करून ठेवावे. माझ्याकडे ती वही आजही आहे आणि नवीन स्वयंपाकघराचे काम आले की मी सॉफ्टवेअर उघडण्याआधी ती उघडते.

आता लाकडाकडे वळते, कारण घरी शिकणाऱ्यांची सर्वांत मोठी उणीव इथे राहते. कागदावर किंवा संगणकावर मापे मिलिमीटरमध्ये असतात, मिस्त्री मात्र इंच आणि सुतात बोलतात. एका इंचाचे आठ सूत. म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. ‘साडेतेवीस इंच दोन सूत’ हे माप ऐकल्याबरोबर डोळ्यांसमोर उभे राहायला हवे, आणि त्यासाठी टेपवरच्या दोन्ही कडा वाचण्याचा सराव घरीच होतो. १८ किंवा १९ मिलिमीटरच्या प्लायला पाऊण इंची म्हणतात हेही माहीत हवे.

प्लायचा पूर्ण ताव आठ फूट बाय चार फूट, म्हणजे बत्तीस चौरस फुटांचा असतो. मिलिमीटरमध्ये २४४० बाय १२२०. कपाटाची खोली चोवीस इंच ठेवण्याचे कारण हँगरवरचे कपडे हे आहेच, पण दुसरे कारण या तावात आहे. चार फुटी ताव उभा चिरला की चोवीस इंची दोन पट्ट्या निघतात. मात्र करवतीचे पाते प्रत्येक कापाला जवळजवळ एक सूत लाकूड खाऊन टाकते, म्हणून दोन्ही पट्ट्या पूर्ण चोवीस इंचांच्या कधीच येत नाहीत. ६०० मिलिमीटर धरले तर दोन पट्ट्यांचे १२०० होतात आणि कापासाठी व कडा सरळ करण्यासाठी वीस मिलिमीटर उरतात. हिशेब सुखाने बसतो. आता समजा, बॅगा मावाव्यात म्हणून घरमालकांनी कपाटाची खोली सव्वीस इंच मागितली. मग एका तावातून बाजूची एकच फळी निघते आणि उरलेली बावीस इंची पट्टी आतल्या कप्प्यांनाही अपुरी पडते. दोन इंचांसाठी प्लायची संख्या किती वाढली हे जो आधी सांगू शकतो, त्याच्यावर घरमालकांचाही विश्वास बसतो आणि मिस्त्रींचाही.

याचा अभ्यास घरच्या कपाटावर करावा. कपाट रिकामे करून त्यातली प्रत्येक फळी, कप्पा, पाठ, दार, ड्रॉवरचा खोका मोजून यादी करावी आणि मग आलेखाच्या कागदावर आठ बाय चारचे आयत आखून त्यात ते सगळे तुकडे कमीत कमी ताव लागतील असे बसवावेत. इथे एक अट पाळायची: दर्शनी भागावर लाकडाच्या रेषांची सनमायका असेल तर त्या रेषा सगळ्या दारांवर उभ्याच आल्या पाहिजेत, त्यामुळे सनमायकाच्या तावावर तुकडा आडवा फिरवून बसवता येत नाही. ही अट घातली की एखादा ताव वाढतोच. दोन-तीन कपाटे अशी उलगडली की कोटेशन वाचण्याची नजर बदलते. ‘फ्रंट एरिया’वर म्हणजे दर्शनी चौरस फुटांवर दिलेल्या दरात आत किती कप्पे आणि किती ड्रॉवर धरले आहेत हा प्रश्न मग आपोआप सुचतो, आणि सात बाय सहाच्या, म्हणजे बेचाळीस चौरस फुटांच्या, दोन कपाटांची किंमत एकच का असू नये हेही कळते.

प्लायच्या प्रतींविषयी थोडे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचे मानक आहे आणि त्यात एमआर (ओलावा सोसणारा) व बीडब्ल्यूआर (उकळते पाणी सोसणारा) असे दोन प्रकार येतात. आयएस ७१० हे मरीन प्लायचे मानक, ज्याला दुकानात बीडब्ल्यूपी म्हणतात. सिंकखालच्या खणाला आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवरच्या कपाटाला ७१० वापरावे, कोरड्या खोलीतल्या कपाटाला त्याची गरज नसते. मिस्त्रींकडून दोन्ही प्रकारांचे टाकाऊ तुकडे मागून घ्यावेत आणि आठवडाभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावेत. थर कसे सुटतात, कडा कशा फुगतात हे डोळ्यांनी पाहिले की ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर दुकानदार कितीही जोर देवो, आपली नजर तावावरच्या शिक्क्याकडेच जाते.

रंग आणि प्रकाश यांवर मी कमी लिहिणार आहे, कारण त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेले मिळते. साठ-तीस-दहाचा नियम, म्हणजे खोलीत साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा आणि दहा टक्के उठावाचा, समजून घ्यायला येवल्याची पैठणी पुरेशी आहे: अंगाचा एकच शांत रंग, काठ आणि पदराचा ठसठशीत विरोधी रंग, आणि जरीची थोडीशी चमक. ही चमक अंगभर पसरली तर पैठणीचा तोल जातो, तसाच खोलीचाही जातो. शेडकार्डवरचा बोटभर तुकडा पाहून भिंतीचा रंग कधीही ठरवू नये, कारण तोच रंग मोठ्या भिंतीवर अधिक गडद आणि भडक वाटतो. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो पुठ्ठा खोलीच्या चारही भिंतींवर, सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली धरून पाहावा. पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिलमधले ऊन येत असते तेव्हा आणि २७०० ते ३००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्याखाली पांढराही पांढरा राहत नाही. ६५०० केल्व्हिनच्या दिव्याखाली तोच निळसर दिसतो. घरातले दोन दिवे बदलून हा प्रयोग एका संध्याकाळी उरकतो.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला एक शाळा फुकट मिळाली आहे, ती म्हणजे जुने नाशिक. सराफ बाजाराजवळचा पेशवेकालीन सरकारवाडा, तांबट आळीच्या आसपासच्या गल्ल्या, पंचवटीतले उरलेसुरले वाडे यांच्याकडे वहीसह जावे. परवानगी मिळेल तिथे आत जाऊन मापे घ्यावीत. अनेक वाड्यांतल्या खिडक्यांची कड जमिनीपासून फार खाली असते, कारण माणसे सतरंजीवर बसत आणि बसल्या जागेवरून त्यांना चौक दिसायला हवा असे. बैठकीची उंची बदलली की खिडकीचे, दिव्याचे, भिंतीवरच्या चित्राचे, सगळ्यांचेच माप बदलते. जाड भिंतीतले कोनाडे आणि फडताळे पाहिली की आपण आज फुटाच्या दराने विकत घेतलेल्या महागड्या जागेत दोन फुटी कपाटे उभी करून किती जागा अडवतो याचाही विचार येतो. नव्या घराच्या चार-सहा इंची भिंतीत कोनाडा खोदता येत नाही हे खरे, पण दोन खांबांमधल्या खोलगट जागेचा उपयोग करायला तर कोणी अडवलेले नाही. अशा वाड्यांत एक सावधगिरीही शिकायला मिळते. तिथल्या भिंती आणि लाकडी खांब स्वतःच भार पेलत असतात, आणि ‘ही भिंत काढली तर हॉल मोठा होईल’ असे घरमालकांनी म्हटले की सजावट करणाऱ्याने तिथे थांबून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचे असते. नव्या इमारतीतही खांब, बीम आणि स्लॅब यांना हात लावायचा नाही.

अभ्यासक्रम घ्यावा की नाही? घरी राहून शिकणे ही कल्पना निदान नाशिककरांना परकी वाटू नये, कारण १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच गंगापूर धरणाजवळ आहे आणि नोकरी-संसार सांभाळून शिकलेली कितीतरी माणसे आपण रोज पाहतो. विद्यापीठांचे, खासगी संस्थांचे, ऑनलाइन असे अनेक अभ्यासक्रम मिळतात. कायद्याची बाजू अशी की १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केलेल्यांनाच लावता येते, पण गृहसजावटीच्या कामाला असा परवाना लागत नाही. म्हणजे प्रमाणपत्र नसल्याने कोणी अडवत नाही, आणि असल्याने काम मिळत नाही. त्यामुळे अभ्यासक्रम निवडताना मी एकच कसोटी लावते: तुम्ही पाठवलेले ड्रॉइंग कोणी माणूस पाहून, लाल शाईने खुणा करून परत पाठवतो का? पूर्ण वेळ महाविद्यालयात मुले ज्युरीसमोर उभी राहतात, तिथे त्यांचे काम निर्दयपणे तपासले जाते आणि शेजारच्या टेबलावरचे त्यांच्याहून चांगले कामही दिसते. घरी शिकणाऱ्याला नेमके हेच मिळत नाही. जो अभ्यासक्रम केवळ व्हिडिओ दाखवून शेवटी पर्यायी उत्तरांची परीक्षा घेतो, त्यावर फी घालवण्यापेक्षा एखाद्या कार्यरत डिझायनरकडे अर्धवेळ ड्राफ्टिंग करावे. पुस्तिकांच्या अनुक्रमणिकेत कार्यवाही ड्रॉइंग (कारागिरांनी ज्यावरून काम करायचे ती मापशीर चित्रे), विद्युत आराखडा आणि अंदाजपत्रक हे तीन विषय आहेत का, हेही पाहून घ्यावे. शाळेत असताना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना इथे थोडा फायदा होतो. हात वळलेला असतो आणि घरमालकांसमोर बसल्या बसल्या कोपरा रेखाटून दाखवता येतो, ज्याचा परिणाम संगणकावरच्या चित्रापेक्षा जास्त होतो.

सॉफ्टवेअरची फार धास्ती घेऊ नये. स्वीट होम थ्रीडी फुकट आहे, स्केचअपची ब्राउझरवर चालणारी मोफत आवृत्ती आहे, आणि ऑटोकॅड पुढे लागेल तेव्हा शिकता येते. ज्याला कागदावर आराखडा काढता येतो त्याला ही साधने लवकर वश होतात. मात्र उलटे होत नाही.

जे घरी राहून शिकता येत नाही ते म्हणजे साइट. कामाचा क्रम पुस्तकात एका वाक्यात येतो: आधी तोडफोड आणि गवंडीकाम, मग नळ आणि वायरिंगसाठी भिंतींची फोड, वॉटरप्रूफिंग आणि फरशी, मग छताचे पीओपी, मग सुतारकाम, रंग, आणि शेवटी दिवे व नळांची जोडणी. प्रत्यक्षात रंगारी सुतारावर अडलेला असतो, सुतार सनमायकावर अडलेला असतो, आणि वीजतंत्र्याने पलंगाच्या बाजूचा प्लगपॉइंट नेमका उशाच्या फळीमागे काढून ठेवलेला असतो. इमारतीत कोणाचे काम सुरू असेल तर घरमालकांची परवानगी घेऊन रोज थोडा वेळ तिथे जाऊन उभे राहावे. माझ्या शेजारच्या विंगेत असे काम चालू होते तेव्हा मी दुपारी चहाचा थर्मास घेऊन जात असे. त्यातले एक मिस्त्री फारसे बोलत नसत, पण एकदा माझ्या वहीतले कपाटाचे चित्र पाहून म्हणाले, “ताई, ड्रॉवर बसेल, पण बाहेर येणार नाही. दाराची बिजागरी आडवी येते की.” कपाटाचे दार उघडले तरी आतल्या बाजूने बसवलेली बिजागरी आणि दाराची कड थोडी आत राहते, त्यामुळे दाराआडच्या ड्रॉवरला बाजूला पट्टी देऊन तो आत घ्यावा लागतो. त्यांनी ते बोलता बोलता प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने काढून दाखवले. असे शंभर बारकावे असतात आणि ते माहीत असणारी माणसे ते लिहून ठेवत नाहीत. त्यांच्याशी बोलताना आदर आणि थोडी कामचलाऊ हिंदी दोन्ही लागतात, कारण नाशिकमध्ये सुतारकाम करणारे बरेच कारागीर राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले आहेत.

उदरनिर्वाहाच्या दृष्टीने पाहायचे तर पहिली कामे ओळखीतूनच येतात, आणि त्यात कमीपणा मानू नये. व्यावसायिक गृहसजावटीच्या आद्य नावांमध्ये गणली जाणारी अमेरिकेतली एल्सी द वूल्फ ही मूळची रंगभूमीवरची नटी होती. या विषयाचे औपचारिक शिक्षण तिने घेतलेले नव्हते, आणि १९०५ साली न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लबच्या सजावटीचे जे काम तिला मिळाले ते मित्रमंडळींच्या शब्दावर मिळाले. आपल्याकडे क्लब नसले तरी सोसायटी असते, भिशी असते, माहेरची-सासरची मंडळी असतात. फक्त ओळखीतल्या कामाचीही फी आधी ठरवावी आणि कागदावर ठरवावी. फी एकूण खर्चाच्या टक्केवारीवर, चौरस फुटावर किंवा ठोक अशा तीन रीतींनी घेतात. नवख्या माणसाने ठोक घ्यावी, कारण टक्केवारीत खर्च वाढला की आपली फी वाढते आणि घरमालकांच्या मनात नको ती शंका येते.

कमिशनचा विषय टाळून चालणार नाही. टाइल्स, प्लाय, पडदे, दिवे यांच्या अनेक दुकानांत डिझायनरने आणलेल्या गिऱ्हाइकामागे काही टक्के बाजूला काढले जातात, आणि आपण न मागता ते देऊ केले जातात. मी ते घेत नाही. तेवढी सूट बिलातच द्या, असे सांगते. सुरुवातीला एका दुकानदाराने यामुळे मला पुढे दाद देणेच सोडले, तरी माझे मत बदललेले नाही. दोन्हीकडून पैसे घेणाऱ्याचा सल्ला कोणाच्या बाजूचा असतो हे ठरवणे त्याला स्वतःलाही कठीण जाते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान घरमालकांना तसे आधी सांगावे.

कागदपत्रांची बाजू वाटते तितकी अवघड नाही. ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्याच्या ४४ एए या कलमात वकिली, वैद्यकी, वास्तुकला यांच्या रांगेत गृहसजावटीचा नावानिशी उल्लेख होता, म्हणजे सरकारच्या दृष्टीने हा पूर्वीपासूनच एक व्यवसाय आहे. केवळ सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर जाईपर्यंत महाराष्ट्रात सहसा जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. पावती-पुस्तक, स्वतंत्र बँक खाते आणि खर्चाची वही एवढे मात्र पहिल्या कामापासून ठेवावे.

पहिले काम म्हणून सध्या मी नव्या मुलींना एकच खोली घ्यायला सांगते. २०२७च्या सिंहस्थासाठी येणाऱ्या नातेवाइकांची सोय करायची म्हणून अनेक घरांत अडगळीची खोली मोकळी करून पाहुण्यांची खोली करण्याचे बेत चालले आहेत, आणि असे काम शिकणाऱ्याच्या हाताला बरोबर बसते: भिंत पाडायची नाही, नळ हलवायचे नाहीत, खर्च आटोक्यात, आणि गाद्या कुठे ठेवायच्या हा खरा प्रश्न सोडवायचा. घरमालकांच्या हातात चार कागद द्यायचे. मापांसह आराखडा, चारही भिंतींची समोरून दिसणारी चित्रे, दिवे आणि प्लगपॉइंट दाखवणारा कागद, आणि प्रत्येक वस्तूचे माप, प्रत, नग व दर लिहिलेली यादी. निम्मी फी हे कागद देताना घ्यावी, उरलेली काम पुरे झाल्यावर. आणि मिस्त्रींना देण्याच्या प्रतीवर सगळी मापे इंच-सुतातही लिहून द्यावीत.